सत्तावीस पॉइंट चार

धंतोलीच्या त्या गल्लीत दवाखान्याला लागून दवाखाना,
मधेच एक उसाच्या रसाची गाडी.
तिथे सावली धरून मी रिपोर्ट पुन्हा वाचला.
गर्भजल: सत्तावीस पॉइंट चार.
चोविसाच्या वर म्हणजे जास्त, हे बाजूला बारीक अक्षरात.
मे महिना. नागपूर.
आमच्या नळाला एक दिवसाआड पाऊण तास,
आणि माझ्याकडे पाणी जास्त.
मला हसू आलं. रसवाल्याला वाटलं, त्याच्यावरच.

ढोबळेकाकू म्हणाल्या,
"काहून इतकं पेतं वो? तेच साचते नं तिथं."
त्या रात्रीपासून मी मोजून प्यायला लागले.
बाहेर पंचेचाळीस, आणि हातात
देवापुढे ठेवतात तेवढा पेला.
ओठ फुटले. पोट होतं तसंच राहिलं,
ताणून चकचकीत, नाभी वर आलेली
बेलच्या बटणासारखी.
पायऱ्या चढताना श्वास मागे राहायचा,
मी दुसऱ्या मजल्यावर त्याची वाट बघायचे.

मानकर डॉक्टरांनी आधी माझे ओठ पाहिले,
पेन खाली ठेवलं.
"तू पितेस ते पाणी वेगळं, हे वेगळं.
दोन खाती आहेत, बाई. पी पोटभर."
मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.
राखाडीत एक काळा ठिपका, हरभऱ्याएवढा.
"हे बाळाचं पोट. भरलेलं दिसतंय, म्हणजे गिळतंय."
शुगर ठीक. मणका ठीक. हृदयाचे चारही कप्पे जागच्या जागी.
मग पाणी का?
"कधीकधी कारण सापडत नाही."
हे वाक्य मी घरी आणलं
कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पिशवीतून,
आणि कुठे ठेवावं ते कळेना.

फ्रिजवर रूपेशच्या अक्षरात कागद:
पाणी फुटलं तर चालायचं नाही.
डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी. लगेच फोन.
नाळ आधी घसरू शकते, हे त्यानं लिहिलं नाही.
ते आम्हा दोघांना पाठ आहे.
एका रविवारी सरावही केला, ढोबळेंच्या पोराच्या ऑटोत,
मी मागे आडवी, पदर तोंडावर,
मानेवाड्याहून एकोणीस मिनिटं,
त्यातली चार अजनीच्या पुलावर.
दवाखान्याच्या दारातून परत फिरलो.
येताना तर्री-पोहे. मी तर्री कमीच घेतली.

मग कूलर बिघडला. रात्रभर वाहून
गॅलरीत तळं, त्यात काकूंच्या सांडग्यांचं ताट.
नेवारे आला, टाकीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाला,
"फ्लोट चिपकला होता, ताई.
पाणी येते तर येऊ द्या.
याले फक्त खालीवर होता आलं पाहिजे."
त्याला तीनशे रुपये दिले.
त्यातले दोनशे त्या वाक्याचे, असं मी धरलं.

रूपेश बुटीबोरीला, रात्रपाळी.
ओल्या वाळ्याचा वास, पंख्याची घरघर,
मी डाव्या कुशीवर, तीन उशांच्या मधे.
लाथा येतात, पण लांबून,
भरलेल्या निळ्या ड्रमवर कुणी आतून
बोटानं टकटक करावं तशा.
दहा मोजायच्या असतात. सातवर थांबलं
की मी उठून बसते, गोड खाते, पोटाला हलवते,
रागावते, माफी मागते, परत आडवी होते.
आठ.

पावणेतीनला बाळाला उचकी लागली.
नेमकी, एकसारखी, डाव्या बाजूला.
कोण आठवण काढतंय रे तुझी?
तुला अजून ओळखतं कोण?
उचकीवर औषध पाणी, म्हणून
मी उठून मोठा पितळी गडू भरला
आणि उभ्या उभ्या सगळा प्यायले.
वेगळं खातं. माहीत आहे मला.
उचकी चालूच.
गुरुवारी परत मोजणार आहेत.