त्रुटीच्या रकान्यात

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा नऊ.
इथे आम्ही तराजू दुरुस्त करतो.
म्हणजे खरं तर, पृथ्वी किती ओढते
याचा दाखला देतो. शिक्क्यासह, जीएसटी वेगळा.

काल औषध कंपनीचा तो नाजूक आला,
काचेच्या पेटीतला,
जो कागदावरची पेन्सिलीची रेघसुद्धा तोलतो.
शाहीन दळवीनं चिमट्यानं वजन ठेवलं
(राबोडीहून सायकलवर येते, संध्याकाळी बीएस्सी),
दार सरकवलं,
आणि आकडे ठरेपर्यंत आम्ही दोघं पुतळे.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स.

तेवढ्यात ती म्हणाली,
काका, अणूच्या आत वजनाचं काही चालतं का?
म्हणजे प्रोटॉन इलेक्ट्रॉनला
असा, पृथ्वीसारखा, ओढतो का?

मी म्हटलं, आधी चहा सांग.

तिनं चहा सांगितला आणि
चलनाच्या पाठीवर हिशेब मांडला.
विजेची ओढ एक धरू.
मग गुरुत्वाची, शून्य, टिंब,
शून्य शून्य शून्य शून्य
चलनाची रुंदी संपली, ती खालच्या ओळीत उतरली,
चहा आला, त्याच्यावर साय धरली,
एकोणचाळीस शून्यं. मग चार.

असल्या आकड्यापुढे तीस वर्षं
मी एकच शब्द लिहीत आलोय.
हात आपोआप पेनाकडे गेला.

आणि ते वाकलेलं अवकाश? मी विचारलं,
जरा अडवावं म्हणून.
तिनं पायाखाली बोट दाखवलं.
ही फरशी बसवताना गवंड्यानं
पृथ्वी गोल आहे म्हणून सिमेंट कमी-जास्त लावलं होतं?
नव्हतं. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आला,
मजुरी घेऊन गेला.
अणू तर फरशीहून किती…
पुढचं तिनं चहात बुडवलं.

मग माझा धंदा चालतो कशावर, बाई?
येऊरचा डोंगर जागेवर बसलाय तो कुणाच्या भरवशावर?

ती म्हणे, वीज खात्यात जमाही असते, नावेही.
जितकं धन तितकं ऋण,
संध्याकाळी वही मिटवली की बाकी शून्य.
गुरुत्वाला नावेची बाजूच नाही.
कवडी कवडी नुसती जमा होत राहते,
कुणी मोजत नाही, कुणी काढूनही घेत नाही.
मग एक दिवस डोंगर.

हे मला पटलं. घराणी अशीच होतात.
भांडणंसुद्धा.

हेमू, माझा धाकटा, या गाळ्यात अर्धा भागीदार होता,
आता घोडबंदरला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो.
वाटणीत त्याला वजनं गेली, मला तराजू.
शाहीन म्हणाली, तिथल्या अणूची थरथर
तुमच्या तळमजल्यावरच्यापेक्षा किंचित जलद.
अणूला स्वतःला काहीच कळत नाही,
आत सगळं जसंच्या तसं.
दोन ठिकाणचे अणू शेजारी-शेजारी ताडून पाहिले
तरच फरक.

किती, म्हटलं.
तिनं पुन्हा चलन उलटं केलं.
वर्षाला सेकंदाचा चाळीस लाखावा भाग.
तेवढा तो लवकर म्हातारा होतोय.

चार वर्षांनी मोठा मी.
तो हे अंतर काही गाठू शकत नाही.
तरी उठून फोनपर्यंत गेलो,
आणि काय सांगणार, म्हणून परत आलो.

नगण्य म्हणजे मोजायचं नाही असं ठरवलेलं.
शून्य म्हणजे नसलेलं.
दाखल्यावर दोन्हींना रकाना एकच आहे,
हे मला इतक्या वर्षांत खटकलं नव्हतं.

कंपनीचा ड्रायव्हर दारात उभा, डबल पार्किंग.
शाहीननं वजन उचलायला काचेचं दार सरकवलं.
मी जवळ वाकलो होतो, पेन हातात.
शेवटचा आकडा हलला.

काका, ती म्हणाली, श्वास.