चाकातला किलो

ऊसकाट्यावर दोन्ही गाड्या सारख्याच भरल्या.
दहा-वीस किलो इकडंतिकडं तो काटा धरतच नाही,
आणि शीतल चौगुलेनं डिकीत वाळूचं पोतं ठेवलेलं,
नियमाला धरून.

मग मी चाकं मागितली.

चाळीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू जोखली.
पाणी मारलेलं बोद हाताला आधी कळतं, काट्याला मागनं.
वजन कुठं लपतं ते मला ठाऊक होतं;
फिरायला लागलं की त्याचं काय होतं
ते या माळावरच्या पोरांनी शिकवलं.
डिकीतला किलो पाहुण्यासारखा बसून राहतो.
चाकातला किलो दर वळणाला उठवायचा,
पळवायचा, परत धरून थांबवायचा,
आणि खड्डा आला की तो खालून लाथ घालतो.

शीतलचं चाक : साडेचार.
पुण्याहून आलेलं, पावतीसकट.
जाळीतून पलीकडची शेळी दिसत होती.

भरमा कंग्राळकरचं : सव्वापाच.
तसलं लोखंडी चाक सातच्या खाली उतरत नाही.
आतून बोट फिरवलं.
उद्यमबागेच्या लेथवर, पाळी सुटल्यावर,
केसाकेसानं उतरवलेलं लोखंड,
इतकं एकसारखं
की बोट काढवेना.

"एळु बरीरी, तात्या," मल्लेशी कानाशी म्हणाला.
सात लिहा.
वहीत पेन्सिलच होती, पेन नव्हतं.

विकत घेतलेलं चालतं, कातलेलं चालत नाही, असा नियम.
पातळ केलेलं चाक वळणावर फाटतं,
यात खोटं काही नाही.
शीतलच्या चार चाकांत भरमाचा आठ महिन्यांचा पगार आहे,
यातही नाही,
पण त्याला माझ्या काट्यावर खूण नाही.

मी सव्वापाच लिहिलं.

भरमा भांडला नाही. भांडला असता तर बरं होतं.
टेम्पोतनं जुनी चाकं ओढली,
पाना फिरवत बसला उन्हात.
सात. सात. सात. सात.
गरज नव्हती, तरी चारी जोखली मी.

एक सेकंद आणि वर थोडं, तेवढ्यानं गेला.

संध्याकाळी चुन्याच्या रेघा पुसत होतो
तेव्हा शीतल आला, ते बाद झालेलं चाक उचललं,
आतून बोट फिरवलं, माझ्यासारखंच.
"कुणी केलंय हो हे?"

मी भरमाकडं बोट दाखवलं.
तो पाठमोरा होता,
आणि हाक कुणी मारायची
यावर आम्ही दोघं जरा वेळ थांबलो.