सतरा, दोन, अकरा

मंगळवारी समुद्राला सुट्टी असते आमच्याकडे.
होड्या वाळूवर कुशीला, जाळी उन्हात,
म्हणून डाड्झीसाहेब मंगळवारीच आले,
केप कोस्टहून, ट्रोट्रोच्या पुढच्या सीटवर,
मांडीवर पत्र्याची पेटी.
डाड्झी म्हणजे आमच्या फान्टीत लोखंड.
लोखंड आलं लोखंडाची ओळख पटवायला,
म्हणाली एकुआमावशी, धुराआडून.

तोफ सापडून अकरा वर्षं झाली.
भरतीनं नारळांची शेवटची रांग नेली,
सकाळी ही मुळांत अडकलेली,
गाभण डुकरिणीसारखी आडवी.
बारा जणांनी दोरांनी आणि शिव्यांनी
ओढून आणली मासे भाजायच्या भट्ट्यांपाशी.
मग तिच्यावर सुऱ्या परजल्या, दुपटी वाळली,
बोत्वे तिला धरूनच उभा राहायला शिकला.

पाठीवर आकडे कोरलेले. क्वान्सामास्तरांनी वाचले:
सतरा, दोन, अकरा.
सतरा फेब्रुवारी सतराशे अकरा, दुसरं काय!
तेव्हापासून दर वर्षी आम्ही तिचा वाढदिवस करतो.
केंकी, तळलेले मासे, शाळेचा ढोल,
आणि निळ्या रंगाचा एक नवा हात.

साहेबांनी आधी सगळ्यांना मागे सारलं.
'भरलेली असू शकते.'
भट्टीपासून सात पावलांवर.
अकरा वर्षं.
बोत्वेच्या आईनं त्याला दंडाला धरून असं ओढलं
की तो रडायचं विसरला.
मग तोंडातून काठी आत, जाईल तेवढी,
तीच काठी बाहेरून पाठीवर ठेवली.
टोक पोचलं रंजकाच्या भोकापर्यंत.
रिकामी.
एक खेकडा तेवढा निघाला, चिडलेला.

टेप मी धरली होती.
लांबी सहा फूट.
तोंड साडेतीन इंचांहून अंमळ मोठं,
म्हणजे सहा रत्तली गोळा.
साहेबांनी निळे पापुद्रे खरवडले, खडू घासला,
बोटांनी चाचपत राहिले, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसे.
मुकुट नाही. बाण नाही.
'इंग्रजांचीच. पण राजाची नव्हे.
व्यापारी जहाजावरची.'

कसला व्यापार, कुणी विचारलं नाही.
ज्यांची समुद्राकडे पाठ होती
त्यांनी मानही वळवली नाही.

'आणि मास्तर, ही तारीख नव्हे. वजन आहे.
सतरा हंडरवेट, दोन पाव, अकरा रत्तल.
हंडरवेट म्हणजे एकशेबारा रत्तल.'
'शंभराला एकशेबारा?' एकुआमावशीनं सुरी खाली ठेवली.
'मी असं मोजलं तर बाजारातून उठवतील मला.'

मास्तर वाळूत बसले होते, काटकीनं हिशेब करत.
एकोणीसशे चार, वर छप्पन्न, वर अकरा.
एकोणीसशे एकाहत्तर.
'माझं जन्मसाल!'
साहेब म्हणाले, मास्तर, कृपा करा.

घडणीवरून सतराशे ऐंशीच्या आसपासची,
वीस वर्षं इकडेतिकडे.
साहेब वहीत लिहीत होते तेव्हा मावशीनं विचारलं,
सापडली तेव्हा तिचं तोंड कुणीकडे होतं?
बारा जणांपैकी नऊ हजर होते.
समुद्राकडे, म्हणाला एक.
छे, गावाकडे, मीच तर तोंडाला दोर बांधला.
तू? तू तर मागे होतास, ओरडत.
चांगली जुंपली.
साहेबांनी तो रकाना मोकळा सोडला,
पेन्सिल कानामागे खोचली,
पाणी मागितलं.

सतरा तारीख पुढच्या गुरुवारी आहे.
मका भिजत घातलेला.
रंगाचा डबा मास्तरांच्या ओसरीवर, झाकण उघडून पाहिलं,
अर्धा आहे.
आज सांजेला जिथे रंग खरवडला होता
नेमक्या तिथेच मावशी सुरी परजत होती,
म्हणाली, इथे धार बरी लागते.