ठिगळाची मुदत

आपियाओ बेटावर उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती.
गुडघाभर चिखल, एका हातात बूट,
दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत पत्र,
पत्रात एक तारीख.
एकतीस मार्चनंतर कंपनी या यंत्राकडे
वळूनही बघणार नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लाकडाची शेगडी
आणि एर्सिरा नाउएल्किन.
अकरा वर्षं ती इथे आहे,
संगणकही तिच्याबरोबरच आलेला.
पडद्याच्या कोपऱ्यात टिकलीएवढा चरा,
दोन-तीन कळांवरची अक्षरं बोटांनी पुसून नेलेली,
बाकी ठणठणीत.
त्यात दोनशे सात माणसं राहतात.
कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब,
कुणाला पेनिसिलीन चालत नाही,
आणि एक फोल्डर, जो तिनं मला उघडू दिला नाही:
कुणाच्या अंगावर कुणाच्या हातचे वळ, एवढंच म्हणाली.

"बिघडलाय?"
नाही.
"मंदावलाय?"
तसंही नाही.
"मग मेलं कोण?"
कुणी नाही, म्हटलं. फक्त त्याच्या भोकांना
ठिगळ लावणारं आता कुणी नसेल.
"भोकं आहेत त्याला?"
जन्मापासून. सगळ्यांनाच असतात.
एकेक सापडत जातं, तसं ते शिवत जातात.
"म्हणजे आता सापडायची थांबणार?"

शेगडीतलं लाकूड तडकलं.
नाही, मी म्हटलं. शिवायचं थांबणार.

बाकावर डॉन बेलार्मीनो बसले होते,
बाही वर करून, दंडाला पट्टा बांधून घेत.
तू आलास ती लाँच मी बांधली, म्हणाले,
माझी थोरली रांगत होती त्या साली.
(थोरलीला आता नातू आहे.)
तीन मालक झाले. दर हिवाळ्यात येते, पोट दाखवते,
मी सांध्यांत आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकतो.

मी जरा चिडलोच.
बोटीचं सोपं असतं, आजोबा.
समुद्र रात्री जागून नवी भोकं शोधत नाही.
आणि तिकडेही कुणीतरी माणूसच बसलेला असतो,
हजार जुनी यंत्रं एकट्याच्या गळ्यात,
सोबतचे नव्या कामाला पळालेले.
त्यानं मरेपर्यंत शिवतच राहायचं का?

पट्ट्यातली हवा सुस्कारत गेली.
एर्सिरानं आकडा लिहिला, कागदावर.

"एका बोटीला मीही नाही म्हटलंय,"
बऱ्याच वेळानं म्हातारा बोलला.
"कणाच सडला होता.
पण पत्र नाही पाठवलं. दारात जाऊन सांगितलं,
दोन हिवाळे आधी सांगितलं.
आणि माझे हात आता थरथरतात, म्हणून
फळी कशी वाकवली, खिळा कुठे लपवला,
सगळं शेजारच्या पोराला दाखवून ठेवलंय.
तुझ्या त्या लोकांनी कुणाला दाखवलंय?"

मला उत्तर येत नव्हतं.
पाच वर्षं की दहा की पंधरा, यावर
मी शहरात तावातावानं भांडलोय.
इथे आकडा तोंडात घोळवला
आणि गिळून टाकला.

पिशवीत लाल कागदाची चिकटपट्टी होती,
'सेवा समाप्त', यंत्राच्या कपाळावर लावायची.
मी ती लावली नाही.
इंटरनेटची तार तेवढी उपटली, गुंडाळून
एर्सिराच्या हातात दिली.
तिनं ती सलाईनच्या नळ्यांशेजारी ठेवली.

तेव्हापासून दर गुरुवारी
दोनशे सात माणसं एका पेनड्राइव्हमध्ये,
पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी एर्सिराच्या बुटात,
आणि बूट त्या लाँचच्या टपाखाली.
आतापर्यंत थेंब आत आलेला नाही.