दोनशे सत्तरच्या खाली

तापवण्यात काही कर्तबगारी नाही,
इराप्पा हुद्दार म्हणतो.
तापल्यावर सगळंच ऐकतंय. थंड होताना बघ की.

थंड होतानाच बघत होते मी,
पाच घाणे, पाच बुधवार.
हजाराच्या वर शांत, सरळ वागणारी सिलिका
दोनशे सत्तरच्या खाली आली
की अंग चोरायची.
भट्टीच्या आत बारीक आवाज,
पापडावर नख लागावं तसा,
आणि साच्याला भेग.
हुद्दार 'आयतु' म्हणायचा, झाकण लावायचा.

सहाव्या वेळी भट्टीआधी ओलं काम.
पाणी जास्त झालेल्या दुधासारखा सिलिकाचा सोल,
त्यात अॅल्युमिनियम नायट्रेट, कॅल्शियम नायट्रेट,
हिशेब तोळ्यामाशाचा,
आणि ढवळत राहायचं, खरवसासारखं थरथरेपर्यंत.
मग वाळवणं, कुटणं.
मास्क लाव, मी म्हटलं,
ही धूळ छातीत बसली की उठत नाही.
माझ्या बापाच्या छातीत बसली, तो म्हणाला,
मच्छ्याच्या फौंड्रीत. चाळणीवर होता.

मी विषय बदलला.
सांगितलं, या स्फटिकात मोकळ्या खोल्या असतात,
गार झालं की त्या दारं ओढून घेतात.
कॅल्शियम आत जाऊन बसलं की दार लागत नाही.
काही उचलत नाही, काही जोडत नाही,
नुसतं बसून राहतं,
लग्नघरातल्या आत्याच्या यजमानांसारखं.
हुद्दार हसला, मग खोकला.

रात्री दहाला उद्यमबागेची वीज गेली.
जनरेटर कुलुपात, किल्ली अनगोळला.
सेलवरच्या मापकाचे आकडे उतरताना
आम्ही बघत बसलो:
आठशे चाळीस.
सहाशे.
चारशे दहा, तेव्हा कोंबडा.
तीनशेला त्यानं विडी विझवली, ऐकू यावं म्हणून.
दोनशे सत्तर.
दोनशे साठ.
दोनशे एकोणपन्नास.
कुणी बोललं नाही.

ऊन आल्यावर त्यानं साचा कानाशी धरला,
खानापूरच्या बाजारात बायका माठ वाजवतात तसा वाजवला.
टण्ण.
पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूनं.

धारवाडहून क्ष-किरणांचा आलेख यायचाय,
त्यात नको असलेलं एखादं शिखर असेलही.
नोंदवहीत मी मराठीत लिहिलं,
खाली त्यानं कन्नडमध्ये सही केली,
मधल्या ओळीत सूत्र.
मास्क त्याच्या गळ्यातच होता,
रात्रभर,
हनुवटीखाली.