हादऱ्याआधी

सार्दीना गेली त्याला आज सदतीस दिवस.
नाव मासळीचं, पण मासा तोंडाला लावायची नाही;
खरबुजाची फोड दिसली की मात्र
सतरा वर्षांची म्हातारी पोर व्हायची.

तिची वाटी मी घासली नाही.
कडेला काहीतरी वाळलंय,
तिच्या जिभेनं सोडलेलं शेवटचं.
वाटीकडे पाठ करून जेवते मी, उभ्याउभ्या.

या टेकडीवर जमीन अधूनमधून कूस बदलते.
वालपराइसोची माणसं त्याला भूकंप म्हणत नाहीत,
हातातला कप धरून ठेवतात, बोलणं पुढे चालू.
पण सार्दीना आधी उठायची.
सात सेकंद, कधी दहा.
कान मागे, शेपूट फुललेली,
आणि माझ्या छातीवर एक पाय ठेवून बघायची:
ऊठ बाई.
मी चपला शोधेपर्यंत पत्रे वाजायला लागायचे.

ती गेल्यावर पहिला हादरा आला
तेव्हा मी अंथरुणातच होते.
कुणी सांगितलंच नाही.
फळीवरून साखर सांडली,
तशीच मुंग्यांना देऊन टाकली.

गुरुवारी निबाल्दो आला, गॅसवाला.
सिलिंडरवर पान्हा आपटत येतो, गल्लीला कान किटेपर्यंत,
त्या दिवशी न वाजवता आला.
टोपी डोक्यावर नाही, हातात.
"तुमच्या तिकीटघरात सापडलं," म्हणाला.
माझं तिकीटघर!
अकरा वर्षं झाली असेन्सोर बंद पडून,
डोंगर चढणारा तो लाकडी डबा वर अडकला तो अडकलाच,
खाली माझ्या खिडकीची काच फुटलेली,
तरी लोक अजून म्हणतात, ओर्तेन्सियाचं तिकीटघर.

टोपीत पिल्लू कसलं, ग्रीसचा बोळा.
एक डोळा चिकटलेला,
दुसऱ्यात माझ्याबद्दल काहीच मत नाही.
गळ्यात सुतळी.
म्हणजे कुणीतरी बांधलं होतं, मग विसरलं.
किंवा विसरायचं म्हणूनच बांधलं.

नको, मी म्हटलं.
माझी होती ती झाली.
ही काय तुझी गॅसची टाकी आहे,
रिकामी दिली, भरलेली घेतली?
निबाल्दो काही बोलला नाही.
टोपी पायरीवर ठेवून गेला, उघड्या डोक्यानं, धुक्यातून.

टोपी परत द्यायची म्हणून आत घेतली.
एवढंच.

सुतळी कापताना कात्री थरथरत होती,
की हात, कोण जाणे.
पिसवा मोजायच्या सोडून दिल्या.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण.
पाणी काळं, पुन्हा काळं, तिसऱ्यांदा तपकिरी,
आणि खालून निघाला एक पिवळा बोका,
मुठीएवढा, नुसत्या बरगड्यांचा कंगवा.
सार्दीना काळी होती. म्हटलं, बरं झालं.
खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

वाटी नाही दिली त्याला.
बाटलीच्या झाकणातून कोंबडीचं पाणी पाजलं, सोळा झाकणं.
पिता पिता गुरगुरत होता माझ्यावरच,
जशी काही मीच हिसकावून घेणार आहे.
नखं लागली. मनगटावर तीन रेघा.
कितीतरी दिवसांनी काहीतरी झोंबलं,
जिथे लागलं तिथेच.

काल रात्री तीन वाजता मला जाग आली.
कशानं, माहीत नाही.
कुत्री गप्प. खाली बंदरात एकाच जहाजाचा दिवा.
माझे पाय आधीच जमिनीवर होते.
चुलीपाशी टोपीत तो झोपलेला, पोट वर, चारी पाय सैल,
जगात काही हलत असतं याची गंधवार्ता नसलेला.
मी त्याच्या छातीवर एक बोट ठेवलं.
ऊठ रे.
त्यानं डोळे उघडले. दोन्ही.
मग पत्रे वाजले.

सकाळी निबाल्दो टोपी मागायला आला.
दारातच अडवलं त्याला.
धुतलीय, म्हटलं, वाळली नाही अजून.
त्यानं आभाळाकडे बघितलं.
कडकडीत ऊन पडलं होतं.