चार गिगाबाइट

कुताइसीत, तिसऱ्या मजल्यावर
नेस्तान लग्नांचे व्हिडिओ कापते, जोडते.
जुन्या लॅपटॉपची डिस्क धापा टाकते,
म्हणून तिनं मेमरीतच एक कप्पा कोरलाय,
चार गिगाबाइटचा.
अर्धवट फ्रेमा, बिनआवाजाचे घोट,
नाचात हवेतच राहिलेलं पाऊल,
सगळं तिथं सांडायचं.
यंत्र बंद केलं की केर काढायलाही काही उरत नाही.

त्याच कप्प्यात ती रोज रात्री पत्र लिहिते
पोलंडात ट्रक चालवणाऱ्या भावाला, एलगुजाला.
शिव्या, हिशोब, आईच्या थेंबांची किंमत,
विकलेल्या गाईचं नाव.
मग बटण दाबते.
पाटी कोरी. झोप लागते.

फेब्रुवारीत मोठं लग्न आलं.
तीन कॅमेरे, चारशे पाहुणे,
दिवसभर कापाकापी, रात्रभर रेंडर.
नऊ दिवस यंत्र बंद करता आलं नाही.
नवव्या रात्री जागा कमी पडली म्हणून
कप्पा उघडून बघते तर
पत्रं, एकाखाली एक.
पहिल्याची सुरुवात 'हरामखोरा'.
चौथ्याची नुसतीच 'ए'.
शेवटच्यात विचारलंय,
तिकडच्या थंडीत
पायमोजे एकावर एक किती घालतोस?

हे कधी लिहिलं, तिला आठवेना.
हा कप्पा तर विचारतही नाही, जतन करू का म्हणून.

खाली कुणीतरी हीटर लावला.
दिवा मिचमिचला, सावरला.
लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली.

नेस्तान काहीच केलं नाही.
फक्त वायरवर पाय पडू नये म्हणून
दोन्ही पाय वर घेऊन
खुर्चीत बसून राहिली.